लिंबूटिंबूचं राज्य

खेळात घेतलेलं, पण खेळात न धरलेलं असं जे पोर असतं त्याला लिंबूटिंबू म्हणतात. त्यानं पळावं, लपावं, हवं तेवढं ओरडावं. सापडलं तरी ते बाद होत नाही आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही. ऐकायला किती गोड! ज्यानं हा शब्द काढला त्याची स्वतःची पोरगी लिंबूटिंबू नसणार. ज्याचं जळतं त्याला कळतं. माझी होती. पहिलीत होती आणि दुसरी संपत आली तरी होतीच.

आम्ही कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहतो, उसाच्या रानाला लागून झालेल्या नव्या अपार्टमेंटमध्ये. माझी लेक उशिरा चालली, उशिरा बोलली. डॉक्टर म्हणाले, पोरगी चांगली आहे, जरा सावकाश आहे, एवढंच. ‘सावकाश’ हा शब्द डॉक्टरच्या तोंडी बरा वाटतो. शाळेत त्याचा ‘ढ’ व्हायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

शाळेच्या भिंतीवर ससे, हत्ती, फुगे आणि मोठ्या अक्षरांत ‘खेळू या, शिकू या’. खेळायची एक वेगळी खोली आहे. ॲडमिशनच्या वेळी पालकांना आधी तीच दाखवतात. रंगीत मणी, लाकडी ठोकळे, आकड्यांच्या चटया. मी म्हटलं, चला, पोरीचं नशीब उघडलं. नंतर कळलं की निम्मी खेळणी प्लॅस्टिकच्या पिशवीतनं बाहेरच येत नाहीत, खराब होतात म्हणून. आणि ज्या तासाला येतात त्या तासाला माझी पोरगी भिंतीला टेकून सगळ्या वर्गाच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसते. हे मला तिनंच सांगितलं, तेही मोठ्या कौतुकानं. “मॅडमनी मला काम दिलंय, आई. कुणाची बाटली कुठली, मला समदं म्हाईत हाय.”

गेले शाळेत. मॅडम परगावच्या, आवाज एकदम गोड. म्हणाल्या, “पहिलं म्हणजे तिचं ते ‘मी आलो, मी गेलो’ बंद करा हो. मुलगी ना ती?” अहो, आमच्या कोल्हापुरात आजीपासनं नातीपर्यंत सगळ्या आलो-गेलोच म्हणतात. मी लिहिताना आले-गेले लिहिते, भांडताना आलो-गेलो. तर ते राहू दे. मॅडम पुढं म्हणाल्या, “ती खेळात आली की तो गट हरतो, मग बाकीची मुलं रडतात. आकडे एकोणतीसच्या पुढे जात नाहीत. पण टेन्शन घेऊ नका, नापास नाही करत आम्ही कुणाला. तिला आपण लिंबूटिंबू ठेवू या ना!”

हे सगळ्या वर्गासमोर. पोरं फिदीफिदी हसली. माझी पोरगीही हसली, कारण सगळे हसत होते. असा राग आला मला, वाटलं ते हत्ती-ससे नखांनी खरवडून काढावेत. पण पोरीला त्याच वर्गात बसायचं होतं. मुकाट्यानं घरी आले.

पोरीला मात्र पास-नापासाचं काही नव्हतं. तिला एकच पाहिजे होतं, राज्य. आपल्या भाषेचीही कमालच आहे. भिंतीकडं तोंड करून डोळे झाकायचे, आकडे मोजायचे, मग लपलेल्यांना हुडकत वणवण फिरायचं, या हमालीला आपण राज्य म्हणतो! बाकीच्या पोरांवर राज्य आलं की तोंडं वाकडी होतात. ही रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यांच्या मागं लागायची, “माझ्यावर द्या की राज्य, एक डाव द्या की.” शेवटी त्यांच्यातल्या सगळ्यांत थोरल्यानं, वरच्या मजल्यावरच्या बाईच्या पोरानं, फर्मान काढलं. “शंभर म्हणून दाखीव. मधी एकबी चुकायचं न्हाय. मग तुझ्यावर राज्य.” तिला येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर अट घातली.

ती पळत घरी आली. “आई, मला शंभर शिकीव.”

शिकवायला बसले. अठ्ठावीसपर्यंत नुसती पळायची. एकोणतीसला आली की गप्प. पुढं काय, तर माझ्या तोंडाकडं बघायची. पुन्हा पहिल्यापासनं, पुन्हा तिथंच. आणि एकदा तिनंच मला विचारलं, “आई, तिथं कोण आलंय?”

“कुठं कोण आलंय?”

“एकोणतीसला. ए, कोण? तीस!”

आई गं! दोन वर्षं माझ्या पोरीला त्या आकड्यापाशी कुणीतरी दारात आल्यासारखं ऐकू येत होतं, आणि आत कुणाला घ्यायचं ते कुणी सांगत नव्हतं. मी उठले, बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि कडी वाजवली.

आतनं आवाज आला, “ए, कोण?”

“तीस!”

“मग ये की आत, तीस!”

त्या दिवसापासनं आमच्या घरी पाहुण्यांची रीघ लागली. अडतीस झाला की कडी वाजायची, ए, कोण, चाळीस. साठाला तिनं पाणी विचारलं. सत्तराला चप्पल बाहेर काढायला लावली. शेजारच्यांना वाटलं असेल, या बाईचं डोकं फिरलं, स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहून “मी सत्तर आलोय” म्हणून बोंबलतीया. वाटू दे. नव्वदपर्यंत सगळं झकास चाललं. नव्याण्णवला मला धाकधूक होती, तिथं ‘एकोण’ नाही. तर बया मलाच म्हणते, “शंभर मोठा माणूस हाय, आई. तो दार वाजवत न्हाय, एकदम आत येतोय.”

शाळेला जे दोन वर्षांत जमलं नाही ते दाराच्या कडीनं आठवड्यात केलं. खेळ म्हणजे अभ्यास झाल्यावर द्यायची गोळी-बिस्कीट नव्हे. माझ्या पोरीला आत शिरायला तेवढं एकच दार होतं, आणि मॅडमनी तिला तिथंच बाटल्या धरून बसवलं होतं.

मग ती पार्किंगमध्ये गेली आणि म्हणाली, “शंभर येत्यात. द्या राज्य.” थोरला म्हणाला, “मोज की मग. भिंतीकडं तोंड कर. मागं बघायचं न्हाय.” मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हातातला कपडा हातातच राहिला.

एक, दोन, तीन. काय आवाज लावला होता! पोरं पांगली, गाड्यांमागं लपली. एकोणतीसला ती थांबली, मान थोडी कलती केली, कडी वाजल्याचं ऐकून घेतल्यासारखी, आणि खणखणीत म्हणाली, तीस! मी एकटीच गॅलरीत हसले. चाळीस आला. पन्नास आला.

तेवढ्यात गेटापाशी ॲबॅकसच्या क्लासची गाडी येऊन थांबली. वरच्या मजल्यावरची बाई खाली आली. एक बोट ओठावर, दुसऱ्या हातानं पोरांना खुणा. चला, चला, आवाज करू नका. गाड्यांमागनं एकेक पोरगं निघालं, वाकून, चवड्यांवर, हसू दाबत. थोरल्यानं सगळ्यांत बारक्याचं तोंड हातानं दाबून त्याला ओढत नेलं. त्या बाईनं वर बघितलं तर मी उभी. तिनं हसून हात हलवला, म्हणजे राहू दे हो, मोजतीया ती.

मी एक हाक मारली असती तर सगळी बिल्डिंग गोळा झाली असती, असलं तोंड आहे मला. पण पोरगी सदुसष्टावर होती. हाक मारली असती तर ती तिथंच तुटली असती, आणि शंभर पुन्हा कधी आला असता कोण जाणे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बहात्तर, त्र्याहत्तर. गाडीचं दार लागलं. एकोणऐंशी, ऐंशी. गाडी वळून गेली. मी गॅलरीचा गज धरून आकडे ऐकत होते. माझ्या पोटात आनंदही मावत नव्हता आणि त्या बाईच्या झिंज्या धरून सोक्षमोक्ष लावावा असंही वाटत होतं. नव्याण्णव. शंभर! एकही चुकला नाही.

“आलो रेऽऽ!” ती वळली आणि रिकाम्या पार्किंगमध्ये सुसाट सुटली.

मी धडाधडा जिना उतरले. बाई लिफ्टपाशी गावली.

“वैनी, लाज न्हाय वाटली?”

“अहो, क्लासला उशीर होत होता. आणि तिला काय कळतंय? लिंबूटिंबूच की ती.”

“आज न्हवती! आज राज्य होतं तिच्यावर!”

“काय ते राज्य घेऊन बसलाय! एक सांगू? राग मानू नका. पोरंच म्हणत्यात, ती असली की खेळाय मजा येत न्हाय. उद्यापास्नं आम्ही त्यांना टर्फच्या मैदानावर नेणार हाय खेळाय. ठरलंय आमचं.”

“आमचं म्हंजे कुणाचं?”

“सगळ्यांचंच,” ती म्हणाली. लिफ्ट आली, ती आत गेली, आणि दार लागेपर्यंत मोबाईलमध्ये बघत राहिली.

पोरगी पाण्याच्या टाकीमागनं आली. केसांत जाळी-जळमटं, गुडघे मातीनं भरलेले, गाल लालभडक. मला वाटलं आता रडणार. मी मनात शब्द जुळवायला लागले.

“आई, शंभर ऐकलंस?”

“ऐकलं.”

“एकबी चुकलो न्हाय.”

“न्हाय चुकलीस.”

“आणि लै भारी लपल्यात गं सगळी! समदीकडं हुडकलं, एकबी गावलं न्हाय.” तिला धाप लागली होती आणि ती हसत होती. “म्हंजे उद्याबी माझ्यावरच राज्य हाय, व्हय की न्हाय?”

“हाय की,” मी म्हटलं.