ज्याचं कुलूप, त्याचा आवाज

आदरणीय दिनकरराव शिरवळकर साहेबांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लेख द्या, असं समितीनं कळवलं तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटलं. साहेबांबद्दल लिहायचं तर नानाखेड्याजवळच्या आमच्या सबस्टेशनातली ती एक दुपार लिहावी लागणार, आणि त्या दुपारी साहेब जितके मोठे दिसतात तितकीच मी लहान दिसते. शेवटी साहेबांनाच विचारलं. ते म्हणाले, "घडलं तसं लिही. माझी आरती ओवाळायला बाकीचे आहेत." तेव्हा वाचकहो, आरती पुढच्या पानांवर मिळेल. इथे घडलं ते आहे.

साहेबांची नि माझी पहिली भेट म्हणजे मी खाल्लेली पहिली बोलणी. मी वीज कंपनीत ज्युनियर इंजिनियर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. वडील रेल्वेतल्या नोकरीपायी जळगावहून उज्जैनला आलेले, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी आमची भाषा. साहेब तेव्हा निवृत्त झाले होते, पण दर गुरुवारी स्कूटरवरून सबस्टेशनात येऊन लाइनमनना शिकवायचे. मी फोनवर पलीकडच्या मराठी ऑपरेटरला म्हणत होते, "हो हो, सोडली लाइन." साहेबांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"काय सोडलं? माणसांनी तार सोडली, की तुम्ही तारेत वीज सोडली?"

"समजतं हो साहेब सगळ्यांना," मी म्हटलं. तेव्हा फार तोंडाळ होते मी. आताही आहे.

"समजतं म्हणणारा जमिनीवर असतो, बाई. चुकीचं समजलं तर मरणारा खांबावर असतो."

भिंतीवर पाटीच होती: 'येथे सोडली म्हणू नये.' त्याऐवजी तीन गोष्टी मोठ्यानं सांगायच्या. माणसं उतरली, तार मोकळी, कुलूप काढलं. घरी ही गोष्ट सांगितल्यावर आमची हसून हसून पुरेवाट झाली. पुढे आठवडाभर आई कढईशी उभी राहिली की बाबा विचारायचे, "भजी सोडली का? तेलात, की खायची?" एका शब्दासाठी एवढा आटापिटा करणारा माणूस मला विक्षिप्त वाटला होता, हे आज कबूल करते.

कुलपाचं सांगते. लाइनवर काम असलं की सबस्टेशनाच्या आवारातला मोठा स्विच उघडून, म्हणजे वीज तोडून, ठेवतात. त्याच्या दांड्याला काम करणाऱ्या टोळीच्या म्होरक्यानं स्वतःचं लाल कुलूप लावायचं, त्यावर त्याचं नाव रंगवलेलं. चावी खिशात घालून मगच खांबावर चढायचं. तो उतरून स्वतः कुलूप काढत नाही तोवर दांडा हलत नाही. ही पद्धत आमच्याकडे साहेबांनी आणली आणि सुरुवातीला शिव्याही त्यांनीच खाल्ल्या.

म्हणून साहेब नव्या यंत्रांच्या विरोधात होते असं समजू नका. उलट, बिघाड कुठे झाला ते दाखवणारे खांबावरचे लुकलुकते दिवे लावा म्हणून वरिष्ठांच्या मागे हात धुऊन लागले ते साहेबच. पूर्वी एक तुटलेला जोड शोधायला टोळी अख्खी लाइन पायी तुडवायची. आता दिवा सांगतो, या दोन खांबांच्या मधे बघ. मोबाइलवरची परवाना-पद्धतसुद्धा साहेबांनी तरुण इंजिनियरांबरोबर बसून आखली. टोळी कामाला निघाली की तिच्या फोनवर एक कोड जातो, काम संपल्यावर तो आम्हाला सांगितला की पडद्यावर हिरवी खूण उमटते. साहेब एवढंच बजावायचे, "बिघाड शोधायची घाई करा. वीज सुरू करायची घाई नको."

ती दुपार पर्वस्नानाची होती. ऊन मी म्हणत होतं. रामघाटावर पाय ठेवायला जागा नाही, आणि नेमकी घाटाकडे जाणारी लाइन बंद पडली. पंप बंद, हरवलेल्या माणसांची नावं पुकारणारे भोंगे बंद. दिव्यांनी जागा दाखवली आणि आमचे लाइनमन रामप्रसाद कुलूप लावून टोळीसह निघाले. तोवर माझ्या टेबलावरचे दोन्ही फोन थांबायला तयार नव्हते. "मैडम, कितना टाइम? भीड़ बेकाबू हो गई तो ज़िम्मेदार कौन?" प्रत्येक फोनवरचा आवाज आधीच्यापेक्षा वरचा.

मी रामप्रसादना फोन लावला. उचलला त्यांच्या जोडीदारानं, कैलाशभाईंनी. पन्नाशीचे, भरवशाचे गृहस्थ. मी विचारलं, "भैया, छोड़ दी क्या?"

"हाँ मैडम, छोड़ दी."

"कोड बताओ." त्यांनी आकडे वाचले. पडदा हिरवा झाला.

मी धावत आवारात गेले तर दांड्यावर रामप्रसादचं कुलूप तसंच. माझं डोकंच फिरलं. मागच्याच महिन्यात ते कुलूप विसरून थेट साल्याच्या लग्नाला गेले होते आणि आम्ही चावीसाठी ताटकळत बसलो होतो. म्हटलं, आता पुन्हा चावीची वाट बघत बसायचं! खिशात फोन थरथरत होता. मी ऑपरेटरला म्हणाले, "आरी आणा. कापा ते कुलूप."

ऑपरेटर बिचकला. "मैडम, साहब का नियम..." मी ओरडले, "कोड आला आहे! पडदा हिरवा आहे! मी सांगते आहे ना!" त्यानं आरी लावली. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो कर्रकर्र आवाज माझ्या कानातून कधी जायचा नाही.

गुरुवार होता, ही त्या महाकाळाचीच कृपा. साहेबांनी स्कूटर फाटकातच आडवी टाकली आणि त्या वयात धावत आले. सरळ कुलपावर आपला पंजा ठेवला. आरी त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबली.

"अनघाताई, कोणाशी बोललात आपण?"

साहेब रागावले की अगं-तुगंवरून अहो-जाहोवर येतात. मी म्हटलं, "टोळीशी."

"टोळीला तोंड नसतं. हे कुलूप कोणाचं?"

"रामप्रसादचं."

"मग त्याचा आवाज ऐकलात?"

घाटावरून पुन्हा फोन आला. साहेबांनी तो माझ्या हातून घेऊन शांतपणे सांगितलं, "अभी नहीं होगा. मेरा नाम लिख लो." आणि ठेवून दिला. मी कैलाशभाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला. "रामप्रसादजी से बात कराइए."

"वो तो ऊपर हैं, मैडम. दूसरे खंभे पे."

"आपने कहा न, छोड़ दी!"

"हाँ, तो पहला खंभा छोड़ दिया ना. इस पे अभी चढ़े हैं."

मी तिथेच खडीवर बसले. मराठीतला शब्द पाटीवर लिहून बंद केलेला होता, आणि मी तोच हिंदीत बोलून मोकळी झाले होते. खांबावर चढताना रामप्रसाद फोन खाली जोडीदाराकडे ठेवून जात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कोड मागितला म्हणून कैलाशभाईंनी वाचून दाखवला. त्यांना वाटलं, मैडमला हवा असेल.

पुढची पंचवीसेक मिनिटं साहेब त्या दांड्याशी उभे होते, उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून. फोन वाजत राहिले. शेवटी रामप्रसाद स्वतः आले, चावी काढली, अर्धवट कापलेलं आपलं कुलूप पाहिलं आणि ते उघडून काढलं. साहेब म्हणाले, "बोला." रामप्रसादनी खणखणीत सांगितलं, "आदमी उतरे, तार खाली, ताला निकाला." मग लाइन सुरू झाली.

अहवालात माझं नाव जाणार, नोकरी जाणार, हे मी धरूनच चालले होते. माझी चूक मी लिहून दिली. साहेबांनी त्याखाली आपल्या हातानं लिहिलं, 'कोड फोनला विचारतो, माणसाला विचारत नाही. हा दोष आराखड्याचा आहे आणि आराखडा माझा आहे.' त्यानंतर पद्धत बदलली. आता कुलपातच चिप आहे. कुलूप उघडून पेटीत परत आल्याशिवाय पडदा हिरवा होत नाही, आणि ज्याचं कुलूप त्याचाच आवाज ऐकावा लागतो.

पण साहेबांनी मला सुखासुखी सोडलं असं नाही. (हा शब्द इथे चालेल.) त्याच संध्याकाळी मला रामप्रसादांच्या घरी नेलं आणि म्हणाले, "आरीचं तू स्वतः सांग." मी सांगितलं, रडत रडत. त्यांच्या बायकोनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. रामप्रसाद म्हणाले, "मैडम, रोना मत. ताला तो मेरा था ना, टिक गया." परतताना साहेबांनी फ्रीगंजमध्ये स्कूटर थांबवली आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या तरुणपणची गोष्ट सांगितली. त्यांनीही एकदा फोनवर 'सोडली' ऐकलं होतं आणि वीज सुरू केली होती. तेव्हा कुलूप नव्हतं. तो माणूस घरी परतला नाही. त्या घरी साहेब आजही दर दिवाळीला जातात. आधी दार उघडायचे नाहीत, आता उघडतात, एवढंच ते म्हणाले.

यंदा गुडघे दुखतात म्हणून साहेब मला म्हणाले, "अनघा, आता गुरुवार सोडले मी."

मी म्हटलं, "साहेब, तो शब्द बंद आहे. नीट सांगा."

स्वतःच्याच नियमात सापडले की हो! हसले, आणि सवयीनं सुरू झाले, "माणसं उतरली..." तिथेच थांबले. पुढच्या गुरुवारी काठी टेकत, रिक्षातून, सबस्टेशनच्या फाटकात हजर.

साहेब, पंचाहत्तरीनिमित्त आम्ही त्या पाटीच्या खिळ्याला तुमच्या नावाचं एक लाल कुलूप लावलं आहे. चावी रामप्रसादनी तुमच्या खिशात घातली, ती जपून ठेवा. गुडघ्यांना तेल लावा, उन्हात उभे राहू नका, काकूंचं ऐका, आणि शंभरी गाठेपर्यंत आम्हाला असंच अहो-जाहो करून झापत राहा. ते कुलूप तुमच्याखेरीज कोणी काढायचं नाही, हा नियम तुमचाच आहे. आणि तुम्हीही काढायची घाई करू नका. माणसं अजून वर आहेत.