मलमलीच्या पिशवीतला रातांबा

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी महाडला घरी आले होते. पुढच्या अभ्यासाला जाण्यापूर्वी एखादे स्वतःचे निरीक्षण हाती असावे, अशी माझी धडपड चालू होती. ते मिळाले वरंधच्या मावशींच्या परसात. या मावशी दर उन्हाळ्यात आमच्याकडे आमसुले घेऊन येत. दहा वर्षांपूर्वी त्यांनी रानातल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, ओल्या बिया पेरून तीन झाडे वाढवली होती. पहिले दोन उन्हाळे ओढ्याचे पाणी डोक्यावरून आणून घातले होते. दोन झाडे फळत. तिसरे, सर्वांत उंच, नुसतेच फुले. होळीला लाकूड देण्याची पाळी यंदा त्यांच्या घराची होती. शिमग्याला नवरा मुंबईहून आला की हेच झाड तोडायचे ठरले होते.

"तोडू नका, मावशी," मी म्हटले. तिन्ही झाडांची फुले मी भिंगाखाली पाहिली होती. उंच झाडाच्या फुलांत परागांनी भरलेले केसर होते. फळणाऱ्या झाडांच्या फुलांत केसर खुरटे आणि रिकामे. "हा नर आहे. हा गेला तर त्या दोघींना फळ धरणार नाही."

"माणसांवानीच हाय की," मावशी म्हणाल्या. "फळं आम्ही धरायची, नि मान त्याचा." शेजारी बसलेल्या जावेने पदर तोंडाला लावला. "पण गो बाय, तुझ्या नुसत्या सांगण्यावर पाळी कशी चुकवू? गाव इचारील."

प्रश्न रास्त होता. वडिलांच्या जुन्या मलमलीच्या उपरण्याच्या पाच पिशव्या शिवून मी त्या एका फळत्या झाडाच्या न उमललेल्या कळ्यांवर बांधल्या. आत पराग पोचणार नाही, फुले गळून पडतील, आणि गावाला दाखवायला पुरावा होईल. दर आठवड्याला मी सर्व्हिस मोटारीने वरंधला जाई. निष्कर्ष तर मी वहीत आधीच लिहून ठेवला होता.

चौथ्या खेपेला कापडातून बोटांना काहीतरी टणक लागले. गाठ सोडली. आत वाटाण्याएवढे हिरवे फळ होते. मी कापड उजेडाला धरून भोक शोधले, नव्हते. आणखी दोन पिशव्यांत तसेच; उरलेल्या दोहोंत नुसती गळलेली फुले. परागांवाचून हे झाले कसे? मी किती वेळ त्या फळाकडे पाहत उभी होते कोण जाणे. उंच झाडाची आठवण मला नंतर झाली.

"काय दिसलं?" अंगण झाडता झाडता मावशींनी विचारले. पिशव्यांना त्यांनी कधी हात लावला नव्हता. मी सांगेन ते त्या मानणार होत्या.

"फळ धरलंय."

"म्हंजे नर नको?"

"या तीन फळांना लागला नाही. बाकीच्यांना लागतो की नाही, मला ठाऊक नाही."

"मग गावाला सांगायला काय नाय."

"नाही."

मावशींनी खोडावर तळवा टेकवला. "तुझ्या पिशव्यांनीच तोडलं गो ह्याला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा झाडू लागल्या. होळीच्या आदल्या दिवशी झाड पडले.

वैशाखात त्या महाडला आल्या, त्या पिशव्यांतली तिन्ही फळे पानात वेगळी बांधून. बिया वाळू न देता त्याच दुपारी आम्ही दोघींनी टोपलीतल्या ओल्या मातीत पेरल्या. यांतून नर उगवतील की नाही, हा प्रश्न मी पुन्हा वहीत मांडला; या वेळी त्याखालची जागा मी कोरी ठेवली.

"उगवली की दोन मला दे," हात धुताना मावशी म्हणाल्या. "आणि फुलेपर्यंत नर-मादी काय बोलू नको."