बीजगणिताचा पेपर आणि कंडक्टरचा मोजा

"तोंडाचा स्कार्फ सोड," मी म्हणालो. माईक हातात होता आणि चालू होता. त्यामुळे हे वाक्य निम्म्या मुखेड गावानं ऐकलं.

दहावीचा बीजगणिताचा पेपर होता आणि मी केंद्रसंचालक होतो. केंद्रसंचालक म्हणजे परीक्षेपुरता शाळेच्या इमारतीचा मालक. मालकी कसली, तर पेपरचं पाकीट उशिरा उघडलं तर नोटीस आणि वेळेआधी उघडलं तर तुरुंग. आमच्याकडच्या पोरी मार्चच्या उन्हात स्कार्फ गुंडाळून येतात, नुसते डोळे दिसतात. गेटच्या आत आल्यावर सगळ्या सोडतात. ही एकटी सोडेना. दुसऱ्याच्या नावावर पेपर द्यायला येणारे डमी ओळखायचे तर चेहरा नीट बघा, असं मीच आदल्या मीटिंगमध्ये सगळ्यांना बजावलं होतं. मग मीच बघायला नको? चष्मा ऑफिसात टेबलावर राहिला होता. म्हणून तिचं हॉल तिकीट नाकाला लावून फोटो पाहिला, आणि फोटो जुळवायला तिच्या अगदी तोंडाजवळ गेलो.

तिनं स्कार्फ सोडला. कपाळापासून हनुवटीपर्यंत पाण्यानं भरलेले फोड. कांजण्या.

मी मागं सरकलो तो थेट पाण्याच्या जारवर. जार आडवा, झाकण बाजूला, माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली. माईकमधून "अगं आई गं" गेलं. रांगेतली सगळी पोरं हसली. परीक्षेचं दडपण घालवण्यासाठी काहीतरी करा असं वरून दरवर्षी सांगतात. त्या वर्षी मी ते केलं.

पोरीचं नाव प्रज्ञा सोनकांबळे. तिच्या मागं खाकी ड्रेसात तिचे वडील उभे होते, एसटीत कंडक्टर. गावात सगळे त्यांना नुसतं कंडक्टर म्हणतात. मी दोघांना बाजूला लिंबाखाली घेतलं. म्हणजे ते लिंबाखाली आणि मी चार पावलं लांब.

कंडक्टर सांगू लागले. कांजण्या दोन दिवसांपासून. ताप येतो, उतरतो. बायकोचं म्हणणं, जाऊ द्यायचं नाही. पोरीचं म्हणणं, जाणारच. रात्रभर घरात हेच. "गाडीत साठ माणसं भांडत असली तरी मला निकाल देता येतो, सर. घरात दोघी भांडल्या की मी पुढच्या स्टॉपला उतरतो. आता तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

मी सांगितलं. अगदी प्रेमानं. म्हणालो, बाळा, जीव महत्त्वाचा. हा विषय जुलैच्या परीक्षेला देता येतो. तेव्हा बरी होऊन ये, शांतपणे लिही. एका पेपरानं काही आयुष्य बिघडत नाही. असं बोलायला मला चांगलं जमतं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी आहे.

प्रज्ञानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, हे माझ्यासाठी सांगायलात का तुमच्यासाठी?"

"प्रज्ञा," कंडक्टर हळूच म्हणाले.

"न्हाई, विचारायलेय नुसतं. जुलैचा निकाल लागस्तोवर लातूरच्या अकरावीच्या जागा भरलेल्या असतात. ते सरांना बी माहीत हाय."

सरांना माहीत होतं. आमच्या भागात दहावीनंतर लातूरला अकरावी मिळणं म्हणजे काय, हे नवीन माणसाला सांगावं लागतं, इथल्या पोराला नाही. लातूर म्हणजे डॉक्टर-इंजिनिअरकीच्या दारातली रांग. जुलैत पास होणाऱ्याला रांगेचं शेपूटही सापडत नाही. मुलगी वर्षभर पहाटे उठून अभ्यास करत होती ती ह्या रांगेसाठी. आणि मी तिला जो सल्ला दिला तो चुकीचा नव्हता, पण देताना माझ्या डोक्यात तिचा ताप नव्हता. वेगळी खोली कुठून आणू, सुपरवायझर कोण बसेल, बाकीच्या पालकांनी गेटवर गोंधळ घातला तर काय, हे होतं. पोरीनं बरोबर बोट ठेवलं होतं.

म्हणून मी शाळेसमोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या आल्या, ताप पाहिला, छाती तपासली, तिच्याशी दोन मिनिटं बोलल्या. मला म्हणाल्या, आत्ता ताप कमी आहे. बसवत असेल तर बसू द्या, पण वेगळ्या खोलीत. हा आजार हवेतूनसुद्धा पसरतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा. आणि ताप चढला, उलटी झाली, नाहीतर मुलगी असंबद्ध बोलायला लागली, तर पेपर तिथेच थांबवायचा. मार्क नंतर.

"आणि सर," त्या जाता जाता म्हणाल्या, "खोलीत असाच माणूस बसवा, ज्याला कांजण्या येऊन गेल्यात. मोठ्या वयात ह्या फार त्रास देतात."

खोली मिळाली. खेळाच्या सामानाची. भिंतीला लेझमी टांगलेल्या, कोपऱ्यात गाद्यांची चळत, त्यात एक बेंच ठेवला. लातूरला बोर्डाच्या ऑफिसात फोन केला, परवानगीही मिळाली. साहेब म्हणाले, नियमात बसवा. मी म्हणालो, लेझमीत बसवतोय.

माणूस मिळेना. मी स्टाफरूममध्ये विचारलं, कांजण्या येऊन गेलेल्यांनी हात वर करा. वर्गात अवघड प्रश्न विचारल्यावर मागच्या बाकावर जी शांतता पसरते, ती मी प्रथमच शिक्षकांत पाहिली. एकाची बायको गरोदर होती, त्याला मीच नको म्हणालो. पठाण मॅडमना वाटत होतं की त्यांना गोवर आला होता, पण गोवर वेगळा. एकजण म्हणाला, लस घेतलीय सर, पण कशाची ते आठवत नाही.

शेवटी मी चाकूरला अक्काला फोन लावला. अक्का माझी थोरली बहीण. आई शेतात असायची तेव्हा आम्हा दोघा भावांना तिनंच सांभाळलं.

"अक्का, लहानपणी मला कांजण्या आल्या होत्या ना?"

"आलत्या की. लई आलत्या. लिंबाच्या पाल्यावर निजवलं हुतं तुला. पाठीवर डाग असंल बघ अजून."

पाठ स्वतःची कुणाला दिसते? मी फोन ठेवला, केंद्राचा ताबा उपसंचालकांकडं दिला आणि छाती काढून खेळाच्या खोलीत गेलो. ओली पँट सोडली तर माझी चाल एखाद्या वीराची होती.

प्रज्ञा बेंचवर बसली. उजव्या हातात पेन. डाव्या हातात वडिलांचा खाकी मोजा, कोपरापर्यंत चढवलेला. खाजवलं की फोड फुटतात, डाग राहतात, म्हणून आईनं दोन्ही हातांना मोजे घालून पाठवलं होतं. उजव्यातला लिहिण्यासाठी काढला होता. खाज आली की ती मोज्याच्या हातानं नुसतं दाबायची, आणि पुढचं गणित. खिडकीतून वारा आला की लेझमी वाजायच्या. ती एकदा मान वर करून म्हणाली, "सर, स्पर्धा लागल्यासारखं वाटायलंय." नियमाप्रमाणे मी तिच्याशी बोलू शकत नव्हतो. हसायला नियम आड येत नव्हता.

पहिला अर्धा तास छान गेला. मग भरारी पथक आलं. भरारी पथक म्हणजे न सांगता जीपमधून उतरणारे अधिकारी. त्यांचं काम कॉपी पकडणं, आणि कॉपी सापडली नाही तर त्यांना चैन पडत नाही. दारावर मी "आजारी परीक्षार्थी, प्रवेश नाही" असा कागद लावला होता. तो वाचूनच पथकाचे साहेब जोरात आत आले. असल्या कागदामागंच खरा माल असतो, असा त्यांचा अनुभव असावा. आत काय दिसलं, तर एकटी मुलगी आणि एका हातात मोजा.

"मोज्यात काय आहे? काढ." साहेबांनी मोज्याचं टोक धरलंसुद्धा.

"साहेब, कांजण्या," मी कोपऱ्यातून म्हणालो.

साहेबांनी मोजा असा सोडला, जणू त्यात विंचू होता. तिथून ते दारापर्यंत कसे पोचले, मी नीट पाहू शकलो नाही. भेटीची सही त्यांनी व्हरांड्यात केली, स्वतःच्या पेननं, आणि ते पेन तिथेच ठेवून गेले. मला त्यांच्यावर हसायचा हक्क नव्हता. तासाभरापूर्वी मी जारवर बसलो होतो.

प्रज्ञा मात्र हसली नाही. मला वाटलं घाबरली. पाहतो तर तिनं डोकं बेंचवर टेकलं होतं.

मी उठलो. डोळे लाल झाले होते, ओठ सुकले होते. विचारलं, ताप चढायलाय का? तिनं मानेनंच हो सांगितलं. पेपर संपायला अजून बराच वेळ होता. डॉक्टरबाईंचे शब्द मला पाठ होते. व्हरांड्यातल्या शिपायाला दवाखान्यात पाठवलं आणि तिला म्हणालो, "बंद कर आता. ह्या वेळी तुझ्यासाठीच सांगतोय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते मोज्यानं पुसलं. म्हणाली, "डॉक्टर येस्तोवर बसू द्या."

मी हो म्हणालो. मला वाटलं आता घाईघाईनं लिहील. तिनं लिहिलं नाही. प्रश्नपत्रिका घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती वाचली. काही प्रश्नांवर पेन्सिलनं छोटी खूण केली. खूण केलेल्यांतली दोन गणितं शांतपणे सोडवली. आकडे खालीवर होत होते, पण पायऱ्या एकही गाळली नाही. डॉक्टरबाई दारात आल्या तेव्हा तिनं पेनाला टोपण घातलं.

"बास, सर. जे पक्कं येतंय ते लिहिलं. उरलेलं भूमितीत काढते."

दहावीच्या गणिताचे दोन पेपर असतात, बीजगणित आणि भूमिती. मार्क एकत्र धरतात. हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आलोय. पण पेपर द्यायचा किंवा नाही द्यायचा, ह्या दोनच्या मधे आणखी एक जागा आहे, आणि आजारी माणूस तिथं बसू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी पूर्ण अडवायला निघालो होतो, ती पूर्ण द्यायला निघाली होती. मधली जागा तिला तापात सापडली.

डॉक्टरबाईंनी औषध देऊन, घरी निजवून ठेवायला सांगितलं. वेळ संपल्याशिवाय प्रश्नपत्रिका बाहेर नेता येत नाही, ती मी ठेवून घेतली. कंडक्टर लिंबाखालीच होते. ड्यूटी बदलून घेतली होती.

"संपला?"

"न्हाई. सोडला."

"सोडला?" त्यांचा चेहरा पडला.

"निम्मा दिला, पप्पा. पास होण्याएवढा हाय."

कंडक्टरांनी खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली. "म्हंजे हाफ तिकीट."

सकाळपासून पहिल्यांदा ती मोठ्यानं हसली, आणि मग फोड दुखले म्हणून "आई गं" म्हणाली. मोटारसायकलवर मागं बसून, बापाच्या पाठीला डोकं टेकून गेली.

भूमितीच्या पेपरापर्यंत ताप उतरला होता. ती पुन्हा खेळाच्या खोलीत बसली आणि शेवटची घंटा होईपर्यंत लिहीत राहिली. मीच सुपरवायझर होतो. आता मी ह्या विषयातला जाणकार होतो. स्टाफरूममध्ये मी कांजण्यांवर लहानसं भाषणही दिलं. प्रतिकारशक्ती हा शब्द त्यात अनेकदा आला.

निकाल लागला. गणितात तिला वाटले होते तेवढे मार्क पडले नाहीत. लातूरला जे कॉलेज हवं होतं तेही मिळालं नाही. दुसरं मिळालं, पण लातूरलाच आणि त्याच वर्षी. कंडक्टर पेढे घेऊन आले. म्हणाले, पोरगी म्हणते, सीट खिडकीची नसली तरी गाडी तीच हाय.

मला अजूनही पालक विचारतात, पोरगं आजारी आहे, परीक्षेला बसवू का? मी सांगतो, आधी डॉक्टरांना विचारा, मग पोराला विचारा. मला विचारू नका.

माझा स्वतःचा निकाल मात्र प्रज्ञाच्या आधी लागला. शेवटचा पेपर होऊन उत्तरपत्रिका रवाना झाल्या, आणि मला ताप भरला. दुसऱ्या दिवशी दाढी करताना गालावर पहिला फोड दिसला. संध्याकाळपर्यंत मोजणं सोडून दिलं.

मी अक्काला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला, कारण कानाला लावायची सोय नव्हती.

"अक्का, तू तर म्हणालीस मला येऊन गेल्यात."

"तूच इचारलास की, आलत्या ना म्हणून. मी म्हणलं, आलत्या." मग म्हणाली, "मग तो दत्ता असंल बाबा. दोघंबी सारखेच रडत हुताव."

दत्ता माझा धाकटा भाऊ. त्याच्या पाठीवर डाग आहे. पोहताना मी तो शंभरदा पाहिलाय.

माझी बायको सुनंदा शेजारी बसून माझ्या हातांना मोजे चढवत होती. दोन्ही हातांना. मला कुठं पेपर लिहायचा होता? तिला लहानपणी कांजण्या येऊन गेल्या होत्या, तिच्या आईनं फोटो दाखवून खात्री करून दिली होती. तिनं अक्काचं बोलणं ऐकलं, फोन बंद केला, माझा डावा मोजा कोपरापर्यंत ओढला आणि म्हणाली,

"एवढी वर्षं पोरांच्या कॉप्या पकडता. अक्काला उत्तर तुम्हीच पुरवलंत, ते दिसलं नाही का?"