हळदीची बोटं

दोन महिने मलम लावून, साबण सोडून, गालांवरचं इसब जेमतेम निवलं होतं. काल शेजारच्या मालतीताईंकडे हळदीकुंकवाला गेले. "ताई, गालाला नको, नुसतं कपाळाला टेकवा," मी म्हणाले.

"अगं, हळदीनंच जाईल ते," म्हणत त्यांनी दोन्ही गालांवर हळदीची बोटं ओढली. मी वाण घेतलं.

चेहरा माझा, पण त्यावर उपाय करायचा हक्क अख्ख्या सोसायटीला. आणि सगळं मायेनं होतं, म्हणून रागवायचीही सोय नाही.

आज सकाळी आरशात पाहिलं. हळद धुऊन गेली होती. त्यांची बोटं मात्र गालांवर लालभडक उठली होती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मालतीताई, हातात हळदीची वाटी.

"बघ," त्या समाधानानं म्हणाल्या, "एका दिवसात कशी लाली आली."