भंडाऱ्याचा हौद

मायाक्का मला पहिल्यांदा दिसली तीच मुळी हातात कुऱ्हाड घेऊन. माझी चहाची टपरी डाईंगच्या फाटकासमोर हाय. टॉवेल रंगवून उरलेलं लालभडक पानी मालक चनबसप्पा सरळ ओढ्यात सोडायचा. त्या ओढ्यावर मायाक्काची मेंढरं पानी प्यायली आन् तितंच पाय झाडत मेली. धनगराची बाई ती, तिनं काय गप बसावं व्हय? आली आन् मालकाच्या पायपावर कुऱ्हाड घातली. पायप फुटला, बाई डोक्यापासनं पायापर्यंत लाल. मालकाच्या मानसांनी तिला लाथांनी तुडवली, हात मोडला. एकानं मधी पडावं की! माझ्या हातात चहाचं उकळतं आधण हुतं, ते मी मारणाऱ्यांच्या पायावर ओतलं. त्यातनंच आमची मैत्री झाली.

बोभाटा झाला, पेपरात आलं, परदूषणवाल्या साहेबलोकांनी मालकाला दम भरला. मायाक्काच्या भावाची लेक पूनम कॉलेजात शिकती. ती म्हणाली, कुजक्या लाकडावर उगवती ती बुरशी असला रंग खाती. मग साहेबांनी मालकाला फाटकाशेजारी हौद बांधाय लावला. कडब्याच्या कुट्टीवर पांढरी बुरशी वाढवली आन् त्याची गाठोडी पान्यात सोडली. राखणीला मायाक्का. लाल पानी आत यायचं आन् काही दिसांत ताकाच्या निवळीवानी व्हायचं. मला तर खरंच वाटंना.

मालक मातूर जळायचा. पानी निवळायची वाट बघत बसण्यापेक्षा त्याला ओढा सोपा. "साहेब बघायला येतील त्या दिशी रंग दिसला, तर हौद फोडणार," असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. हौद फुटला की पानी पुन्ना ओढ्यात, आन् मायाक्काची उरलेली मेंढरं त्याच ओढ्यावर.

साहेब यायच्या दिशी सकाळी मायाक्का न्हाऊन आली. एवढं मोठं काम, देवाला सांगितल्याबिगर कसं व्हायचं? तिनं बिरोबाचं नाव घेतलं आन् मुठी भरभरून भंडारा हौदात उधळला. हळदच की ती! निवळलेलं पानी पिवळंधम्मक.

पूनम किंचाळली, "आत्या, काय केलंस गं हे!"

मायाक्काचं तोंड पडलं. "देवाचा भंडारा हाय त्यो. त्याला रंग म्हनत्यात व्हय?"

मालक पोट धरून हसला. "रंग तो रंग. सिद्धू, घाल घण!"

सिद्धू त्याचा मुकादम. मायाक्का कठड्यावर चढून ओरडली, "आदी मला फोड!" त्यो मुडदा थांबला न्हाय. घण तिच्या पायाशेजारी पडला, इटेची कपची तिच्या नडगीत घुसली. तिनं उलट्या कुऱ्हाडीनं त्याच्या खांद्यावर असा दणका दिला, की हाड मोडल्याचा आवाज मला टपरीत आला. मग मालकच धावला. तिच्या झिंज्या धरून डोकं कठड्यावर आपटलं, पुन्ना पुन्ना आपटलं. बाई हौदात पडली आन् पिवळ्यात रगत मिसळलं. मी आन् पूनमनं तिला ओढून काढली. तेवढ्यात साहेबांची गाडी आली, म्हनून जीव वाचला. पोलिसांनी मालकाला धरून नेलं. हौदाला कुणी हात लावायचा न्हाय, असं बजावलं.

सिव्हिलमधी मायाक्का टाके घालून पडली हुती. शुद्धीवर आली तवापासनं एकच घोकणं, "माझ्याच हातानं घालवलं गं, काशम्मा." मला लई राग आला. मी म्हनलं, "मार खाल्लास तू आन् चूकबी तुझीच व्हय?"

एक दिवस पूनम बाटली घेऊन आली. आत निवळ पानी.

"आत्या, हौदातलंच हाय. साहेबांनी बघितलं. हौद ऱ्हानार."

मायाक्कानं बाटली खिडकीकडं धरली. "पिवळं कुटं गेलं?"

"बुरशीनं खाल्लं."

"देवाचा भंडाराबी खाल्ला? आन् माझं रगत?"

"सगळं."

मायाक्का हसाय लागली. टाके ताणले तरी थांबंना. मग हसता हसताच हंबरडा फोडला. बाटली छातीशी धरून त्या बुरशीलाच इचाराय लागली, "एवढी भूक हुती, तर माझी मेंढरं मरायच्या आदी का आली न्हाईस गं, भवाने?"