झुलत्या नावेची दवंडी

सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मी झुलत्या नावेची दवंडी पिटली. तेव्हा मी बी.ए.ला होते आणि वक्तृत्व स्पर्धेत माझा नुकताच पहिला नंबर आला होता. आमच्या घराजवळच्या मैदानावर मीना बाजार भरला होता. मालकाने त्या वर्षी आकाशपाळण्याच्या जोडीला एक मोठी लाकडी नाव आणली होती. ती इंजिनवर पुढेमागे झुलायची. गावभर ओरडून त्याच्या माणसाचा घसा बसला, तेव्हा कुणीतरी माझं नाव सुचवलं. वडील आधी नाही म्हणाले, मग तेवढीच शुद्ध मराठी लोकांच्या कानावर पडेल, असं म्हणून तयार झाले.

सायकलरिक्षाला भोंगा बांधला आणि मी माइक घेऊन बसले. पोटात गुदगुल्या होतात, एवढंच मालकाने सांगितलं होतं. धरमपेठेत पोचेपर्यंत मी त्यात समुद्र, लाटा आणि वादळ घातलं. समुद्र मी पाहिलेला नव्हता.

तिथल्या बाजारात भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईंनी रिक्षा अडवली.

"तू बसली काय वं त्याच्यात?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग काहून सांगून राहिली लोकायले?"

त्या सरळ माझ्या शेजारी चढून बसल्या आणि रिक्षावाल्याला मैदानाकडे घ्यायला सांगितलं. मालकानेही हसत आम्हा दोघींना नावेत बसवलं. नाव वर गेली तेव्हा मजा वाटली. खाली येताना मी जी किंचाळले, ती नाव थांबेपर्यंत. बाई एका हाताने दांडा आणि दुसऱ्याने पिशवी धरून बसल्या होत्या. त्यांची वांगी मात्र एकेक करून खाली पडत होती आणि बघे ती झेलत होते.

उतरले तेव्हा माझा आवाज पार गेला होता. बाईंनी रिक्षातला माइक उचलला.

"मी आत्ताच बसून आली. पोट गळ्यात येते. ही पोरगी बोंबलली. मी उद्या पुन्हा बसीन."

मालक त्यांना थांबवायला धावला, पण तोवर नावेपुढे रांग लागली होती. पुढचे चार दिवस प्रताप नगरपासून नंदनवनपर्यंत त्याच बोलल्या. मी शेजारी बसून जाहिरातीचे कागद वाटले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला हाताला धरून परत नावेत नेलं. या वेळी मी डोळे उघडे ठेवले, आणि अगदी वर गेल्यावर आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी आई दिसली.