पूजेतली गाडी

खंडेनवमीच्या दिवशी आमचा कारखाना जळाला. अण्णा आत होता. तो बाहेर आला नाही.

त्या दिवशी आमच्या औद्योगिक वसाहतीत अग्निशमन गाडी होती. गाडीत पाणी होतं, डिझेल होतं, जवळ ड्रायव्हर होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण ऐकणारी माणसं हमखास मध्येच विचारतात, "तुमच्या वसाहतीला गाडी नव्हती का?" होती की. झेंडूचे हार घालून मांडवात उभी होती.

हे लिहायला मला फार वेळ लागला. लिहायला बसलं की रडण्याआधी हसू येतं, आणि सख्ख्या भावाच्या मरणाबद्दल लिहिताना हसणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील, या विचाराने मी वही मिटून ठेवायची. आता वाटतं, हसू माझं नाही, अण्णाचंच आहे. त्या गाडीला पहिल्यांदा हसला तो तोच.

आम्ही भवानी पेठेतले. घरात तेलुगू, दारात मराठी. वडिलांच्या मागे अण्णाने यंत्रमाग चालवले आणि मला शिकवलं. मी शाळेच्या ग्रंथालयात लागले. पुस्तकांना कव्हर घालते आणि कमी बोलते, म्हणून तो मला पंतुलम्मा म्हणायचा. तेलुगूत मास्तरीणबाईंना तसं म्हणतात. "पंतुलम्मा, आज कुठल्या पुस्तकाला बरं वाटंना?" असं विचारत तो संध्याकाळी घरात शिरायचा. केसांत कापसाची धूळ आणि खिशात माझ्यासाठी भाजलेल्या शेंगा.

पेठेतली जागा अपुरी पडायला लागली तेव्हा त्याने चिंचोळीच्या रस्त्यालगत एका लहानशा खासगी वसाहतीत शेड घेतली. सगळे टॉवेल आणि चादरीवाले. वसाहतीचं एक मंडळ होतं. मंडळाला अध्यक्ष होते, सेक्रेटरी होते, दोघांना लेटरहेड होतं, आणि लेटरहेडवर लिहिण्यासारखं काही नव्हतं. ती अडचण दूर करायला त्यांनी अग्निशमन गाडी घेतली.

गाडी जुनी होती, कुठल्याशा लिलावातली. पण ती आली तेव्हा फाट्यापासून हलगी लावून आणली. अध्यक्ष ड्रायव्हरशेजारी उभे राहून दोन्ही हात जोडत होते. रस्त्याच्या कडेची माणसंही बिचारी हात जोडत होती, कसली निवडणूक आहे हे कळत नसताना. मग गेटजवळ तिच्यासाठी पत्र्याची शेड झाली, शेडवर पाटी झाली, पाटीवर अध्यक्षांचं नाव गाडीच्या नावापेक्षा मोठं झालं.

त्यानंतर गाडी कामाला लागली. अध्यक्षांच्या पुतण्याची वरात तिच्यावरून निघाली. नवरानवरी वर शिडीजवळ बसली होती आणि फांदी आली की वऱ्हाडी खालून "वाका, वाका!" असं ओरडत होते. जयंतीच्या आदल्या दिवशी गाडीने पुतळा धुतला. क्रिकेटच्या स्पर्धेआधी मैदानावर पाणी मारलं. रंगपंचमीला टाकीत गुलाबी रंग कालवून सगळ्या वसाहतीला भिजवलं, आणि नंतर कित्येक दिवस टाकीतून गुलाबीच पाणी येत होतं. तेवढ्यात कंपाउंडमागचा कचरा पेटला. गाडी गेली, आग विझली, हे कबूल करायला हवं. मागची भिंत मात्र अजून गुलाबी आहे.

अण्णाने गाडीचं नाव नवरी ठेवलं. "नटायला पुढं," तो म्हणायचा, "नांदायला मात्र न्हाई." सेक्रेटरी रागवायचे. "तुम्हाला सगळ्याची चेष्टाच सुचते का हो, शेठ?" त्यावर अण्णा म्हणायचा, "चेष्टा न्हाई, सेक्रेटरीसाहेब. सून म्हणून आणलीय तर चूल बी पेटवू द्या की कधी. म्हंजे, विझवू द्या." महिन्यातून एकदा पाइप जोडून पाणी मारून बघावं, एवढंच त्याचं मागणं होतं. पाणी वाया जातं, असं उत्तर मिळालं. आमच्याकडे नळाला कितव्या दिवशी पाणी येतं हे माहीत असणाऱ्याला या उत्तरावर बोलता येत नाही. अण्णालाही आलं नाही.

त्या वर्षी नवरात्राआधी मंडळाने गाडीला रंग दिला. ऑइल पेंट, दोन हात, तोही उदार मनाने. लाल रंग बॉनेटला लागला, शिडीला लागला, घंटेला आणि घंटेच्या आतल्या लोलकाला लागला, पाइप जोडायच्या तोंडावरच्या पितळी टोपणांना लागला. अण्णा बघून आला आणि म्हणाला, "काचा तेवढ्या सोडल्यात. ड्रायव्हरचाचा गाडीतून उतरला म्हणून वाचला, न्हाईतर तोही लाल झाला असता." त्या रात्री जेवताना आम्ही यावर खूप हसलो. टोपणांचा विचार माझ्या मनात आला नाही. त्याच्याही आला नाही. विनोद चांगला झाला की माणसं तिथेच थांबतात.

खंडेनवमीला विणणाऱ्यांच्या घरात हत्यारांची पूजा असते. माग बंद ठेवायचे, धुवून पुसून हळदकुंकू लावायचं, हार घालायचा, समोर दिवा लावायचा. पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावायचं नाही. आणि पूजेतला दिवा फुंकायचा नाही, तो आपला आपण शांत होऊ द्यायचा. आमच्याकडे हे सगळं पाळतात. त्या दिवशीही सकाळी वहिनीने मागापुढे दिवा लावला, मी उदबत्ती लावली, अण्णाने नारळ फोडला. कामगारांना द्यायचे मिठाईचे पुडे घेऊन आम्ही शेडच्या गेटवर आलो. दिवा आत होता. मागाखालची कापसाची धूळ कितीही झाडली तरी थोडी उरतेच. तीही आत होती.

पुडे वाटून होत आले तेव्हा खिडकीतून धूर दिसला.

आमच्या शेडच्या माळ्यावर वॉचमन राहायचा. अक्कलकोटकडचा म्हातारा, बोलणं कन्नड, कान जवळजवळ गेलेले. सणाचं जेवण झालं की तो वर जाऊन झोपतो हे सगळ्यांना माहीत होतं. अण्णाने पुडे माझ्या हातात दिले, मग लगेच परत घेऊन खाली टाकले.

"पंतुलम्मा, पळ. नवरीला घेऊन ये. म्हातारा वर झोपलाय."

"तू आत जाऊ नको."

"त्याला हाक ऐकू येती का? जा तू."

वहिनी शहरातल्या अग्निशमन केंद्राला फोन लावत होती. मी धावले. मी आयुष्यात कधी धावले नव्हते. साडी धरायची कशी हेही मला माहीत नव्हतं.

वसाहतीच्या गेटजवळच्या मांडवात मंडळाची पूजा होऊन पंगत बसली होती. गाडीच्या दोन्ही दारांना केळीचे खांब बांधले होते, चाकांखाली लिंबं होती, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. गाडीची किल्ली पूजेच्या ताटात, सुपारीशेजारी, हळदीत माखून पडली होती.

"आमच्या शेडला आग लागलीय," मी म्हणाले. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं.

ड्रायव्हरचाचा पानावरून उठले. हात न धुताच ताटाकडे गेले. "सायेब, चावी घेतो."

"थांब बे!" अध्यक्ष म्हणाले. "ती पूजेत हाय."

"तितं शेड जळायलीय, सायेब."

"ते खरं हाय. पण पूजा मांडलीय की रे. उद्यापर्यंत हलवायची न्हाई म्हणून संकल्प सोडलाय मी." आणि ते भटजींकडे वळले. "काय करायचं हो, गुरुजी?"

भटजी वरणभात कालवत होते. त्यांनी हात थांबवला आणि विचार केला. त्यांनी विचार केला हे मी आजही त्यांच्या बाजूने सांगते, बाकी कुणी तेवढाही केला नव्हता. "क्षमा मागून हलवता येते," ते म्हणाले. "एक नारळ वाढवा."

मग नारळाचा शोध सुरू झाला. पूजेतले नारळ फोडून प्रसादाला गेले होते. कुणीतरी गाडीवरच्या तोरणात बांधलेला एक सोडायला वर चढलं. "अहो, राहू द्या ना नारळ!" मी म्हणाले. ग्रंथालयात मोठ्याने बोलणाऱ्या पोराकडे मी पाहते, तसं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नारळ फुटला. अध्यक्षांनी गाडीला कानाला हात लावून नमस्कार केला. चाचांनी किल्ली उचलली, सदऱ्याला पुसली आणि मला म्हणाले, "ताई, बसा."

केळीचे खांब सोडायला कुणाला सुचलं नाही. ते पानं हलवत आमच्याबरोबर निघाले. पंगतीतली माणसं मागच्या पायरीवर, शिडीवर, जिथे जागा मिळेल तिथे चढली. लिंबं चिरडली गेली. कुणी घंटा वाजवायला गेलं तर रंगाने जड झालेला लोलक नुसता ठकठक करत होता.

आम्ही पोचलो तेव्हा छपराच्या पत्र्यांतून ज्वाळा निघत होत्या. वहिनी दारासमोर उभी होती. तिने आतल्या बाजूला बोट दाखवलं.

चाचांनी पाइप ओढला, टोपणाला हात घातला. टोपण फिरलं नाही. दोघांनी मिळून फिरवलं. फिरलं नाही. दुसऱ्या बाजूचं बघितलं, तेही तसंच. रंग टोपणावरून तोंडावर आणि तोंडावरून टोपणावर असा सलग वाळला होता. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं हे दिसतही नव्हतं. आत टाकी काठोकाठ भरलेली होती. पाणी हलल्याचा आवाज येत होता. चाचांनी मोठा पाना घेतला आणि टोपणावर मारायला लागले.

"जपून बे," मागून सेक्रेटरी म्हणाले, "रंग नवीन हाय."

हे वाक्य मी रचलेलं नाही. मला असं वाक्य रचता आलं असतं तर मी ग्रंथपाल झाले नसते, लेखक झाले असते.

तेवढ्यात मागच्या पायरीवरून एक माणूस सावकाश उतरला. हातात प्रसादाचा द्रोण होता, द्रोणात अर्धा लाडू होता. आमचा वॉचमन. मंडळाने त्या वर्षी पहिल्यांदाच वसाहतीतल्या सगळ्या वॉचमनना पंगतीला बोलावलं होतं. तो कोपऱ्यातल्या रांगेत बसून जेवत होता, आणि मी मांडवात जे काही ओरडले त्यातलं त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. त्याने शेडकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं.

"मालकरु एल्ली?" त्याने विचारलं. मालक कुठे आहेत?

कन्नड न येणाऱ्यांनाही ते कळलं. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग ती खाली बसली.

शहरातून गाडी आली. तिच्यावर हार नव्हता. त्या माणसांनी पाइप जोडला आणि आग विझवली. मग ते आत गेले आणि अण्णाला घेऊन आले. तो माळ्याच्या जिन्यावर सापडला, वरच्या पायऱ्यांवर. म्हणजे वर जाऊन त्याने बघितलं असेल. अंथरूण रिकामं आहे हे त्याला कळलं असेल, आणि तो परत फिरला असेल. मी असं धरून चालते. त्याने निदान हे जाणून घेतलेलं असावं, की आत कुणी नाही.

शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, मंडळाची अग्निशमन यंत्रणा घटनास्थळी तातडीने दाखल झाली. ते खोटं नव्हतं. दाखल झाली होती. सेक्रेटरींनी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि त्या वेळात त्यांचा स्वतःचाच फोन वाजला.

पुढे एकदा सेक्रेटरी घरी आले. म्हणाले, "ताई, मंडळाचा विचार आहे, गाडीवर अण्णांचं नाव टाकायचं. सोनेरी अक्षरांत."

"कुठे टाकणार?" मी विचारलं.

"तुम्ही सांगाल तिथं."

"टोपणावर नको," मी म्हणाले.

त्यांना ते समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. अण्णा असता तर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला असता आणि परत येऊन पोट धरून हसला असता. मी कप विसळला.

नाव टाकलं नाही. पण वर्षाने, नवरात्राच्या तोंडावर, त्यांचा फोन आला. "ताई, गाडीला रंग दिलाय. पण यंदा टोपणाला लावला न्हाई. पितळ तसंच ठेवलंय. तुम्ही येऊन बघा की."

मी गेले. गाडी पुन्हा लाल होती, टोपणं पिवळी. चाचा बाजूला झाले. मी हात लावला आणि फिरवलं. तेव्हापासून दरवर्षी खंडेनवमीला सकाळी मी जाते, पूजा मांडायच्या आधी. मंडळाची माणसं मला येताना बघून हळदकुंकवाचं ताट बाजूला घेतात आणि वाट बघतात. मंडळाच्या पूजेत आता हाही एक विधी झाला आहे. त्यांना विधी आवडतात.

वॉचमन गावी गेला. वहिनीने त्याला जायला सांगितलं नव्हतं.

आमच्या शेडच्या जागी आता मोकळी जमीन आहे. गाडी गेटजवळ उभी आहे. तिचं टोपण फिरतं. फिरवून झालं की मी हात पुसते आणि वहिनीकडे जेवायला जाते.